मणक्याच्या ऑपरेशनआधी दुसरं मत: व्हिडिओवर की समोरासमोर?

कमरेची एल४-एल५ गादी (चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती) सरकलीय, कळ पायात उतरते आणि सर्जनने मायक्रोडिस्केक्टमी, म्हणजे लहान छेदातून गादीचा सरकलेला भाग काढायचं ऑपरेशन, सुचवलीय. दुसरं मत घ्यायचं तर कुठल्या वाटेने? मी दोन्ही वाटांनी घेतलं.

व्हिडिओची सोय मोठी आहे. धड बसवतही नाही अशा माणसाचा गाडीतला प्रवास वाचतो. कॅन्सरमध्ये बरंचसं बायोप्सी आणि स्कॅनवर ठरतं, तिथे कागदांवरून दिलेलं मत पुष्कळदा पुरत असावं; टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ ही सेवा त्याच धर्तीची आहे.

मणक्याच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट फार खटकली. माझा पाय कोणी पाहिलाच नाही. व्हिडिओवरच्या डॉक्टरांनी एमआरआय फिल्मचे मोबाईलने काढलेले फोटो मागवले, रिपोर्टचा निष्कर्ष वाचला आणि ‘करून घ्या’ म्हणाले. फुगलेली गादी तर काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही दिसते, पन्नाशीनंतर निम्म्याहून अधिक लोकांत. फिल्ममधली दाबलेली नस आणि दुखणारी नस एकच आहे का, हे पायाला हात लावल्याशिवाय कसं कळणार?

दुसऱ्या हॉस्पिटलात फी जास्त पडली, ताटकळावंही लागलं. पण तिथल्या डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं, झोपवून पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्याचा जोर तपासला आणि सीडी लावून एकेक कट बघितला. ताकद शाबूत आहे, थांबून बघू म्हणाले. असं दुखणं बऱ्याच जणांचं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं. ऑपरेशनचे धोकेही न विचारता सांगितले: जंतुसंसर्ग, नसांच्या आवरणाला चीर, नसेला इजा, आणि शंभरातल्या ५ ते १५ जणांत तीच गादी पुन्हा सरकणं. आधीच्या ठिकाणी ‘काही धोका नाही’ एवढंच ऐकलं होतं. संमती घेण्यापूर्वी मोठे धोके, पर्याय आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल हे सांगायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय. तेव्हा विचारताना संकोच नको.

प्रत्येकाची अडचण वेगळी, पण जाणं जमणार असेल तर मी समोर बसूनच मत घ्या म्हणेन, तेही पहिल्या सर्जनने सुचवलेल्या नावाकडे न जाता. एमआरआयची सीडी आधीच मागून ठेवा.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर मतं गोळा करू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.