मायग्रेशन इकॉनॉमिक्सची पाच दिवसांची ट्रेनिंग, जावं का?

पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या पोरांसाठी नागपुरात स्थलांतराच्या अर्थशास्त्राची ही ट्रेनिंग होती, फी दीड हजार, राहणं-खाणं त्यातच. संस्थेचं नाव नाही घेत, खाली थोडं वाकडंही लिहिणार आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा. आमच्या पट्ट्यात धान निघाला की कितीतरी घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, म्हणून म्हटलं हा तर आपल्या घरचाच विषय, चला.

पहिल्या दिवशी १९७० चं हॅरिस-टोडारो मॉडेल. माणूस नुसती शहरातली मजुरी बघून निघत नाही, तिला काम लागण्याच्या शक्यतेनं गुणतो, म्हणून शहरात बेकारी दिसत असली तरी लोक येतच राहतात. मॅडमनी शिकवलं एक नंबर. पण मले राहवलं नाही, म्हटलं आमच्याकडे ठेकेदार आधी ॲडव्हान्स देते, पिकअप गावातच येते, काम पक्कं असते तेव्हाच माणूस चढते, मग शक्यता कुठं आली? मॅडम म्हणे, याच्यावरच पेपर लिही. मी आपला गप बसलो.

खरी मजा डेटाच्या दिवशी. एनएसएस म्हणजे सरकारचा राष्ट्रीय नमुना सर्व्हे, त्याचा २००७-०८ चा ६४ वा राउंड उघडला, त्यात थोड्या काळाचा स्थलांतरित कोण, तर मागच्या ३६५ दिवसांत कामासाठी महिनाभर किंवा जास्त पण सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. माझी आई मागच्या साली खम्ममकडे पंचवीस दिवस होती. म्हणजे बुढी मोजणीतून बाहेर! आणि मजुरीपोटी पोत्यात आणलेली मिरची, ती कोणत्या कॉलमात टाकायची? सर हसले, पण मग अर्धा तास त्याच्यावरच बोलले, अन् वरून म्हणे पूर्ण घरच गेलं असेल तर सर्व्हेवाल्याला कुलूपच दिसणार, उत्तर कोण देईल. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकड्यांवरून राज्याराज्यांतलं स्थलांतर वर्षाला ९० लाखांच्या आसपास काढलं होतं, तेही दाखवलं. भारी डोकं लावलंय, फक्त आमची पिकअप त्यात नाही. हा एक दिवस पूर्ण फी वसूल.

आता बोंब. स्टाटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) दहाच कॉम्प्युटरवर अन् आम्ही तीस जण, म्हणजे एक जण बटन दाबणार अन् दोघं मागून मान लांब करणार. रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम ते आकड्यांतून काढायची पद्धत, एका दुपारी उरकलं, काहून तर शेवटच्या दिवशी पाहुण्यांची दोन तास भाषणं ठेवायची होती. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलं, अजून दुरुस्त होऊन आलं नाही. जेवण ठीक, वरण पातळ.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर आधी आपल्या गावातून कोण, कधी, किती दिवस जाते ते वहीत लिहून न्या, नाहीतर डेटाचा दिवस डोक्यावरून जाईल. अन् एक चादर न्या बापा, डिसेंबरात होस्टेलवर लय थंडी लागते.