मोदक, मोटार आणि ब्लाउज: कुणी व्हॉट्सअ‍ॅप धरावं, कुणी गूगल, कुणी इन्स्टाग्राम

आमच्या नात्यात तीन छोटे धंदे आहेत. वहिनी साताऱ्यात ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक आणि दिवाळीला फराळ करून देतात. मामांचं कराडजवळ मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. धाकटी बहीण आरी वर्कचे ब्लाउज करते. मोबाईलवरून जाहिरात करायची तर सुरुवात कुठून करू, असं तिघांनीही मला विचारलं, आणि मी तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली. तुम्हीही याच विचारात असाल तर त्यामागचं कारण तुमच्या कामी येईल.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गूगलवरची दुकानाची नोंद आणि इन्स्टाग्राम, तिन्ही फुकट सुरू करता येतं. त्यामुळे पैशावरून काही ठरत नाही. मी आधी बघते, गिऱ्हाईक येतं कसं? मोदकाचं गिऱ्हाईक ओळखीचं असतं, दर संकष्टीला फिरून येणारं. मोटारीचं गिऱ्हाईक म्हणजे पाण्याची पाळी तोंडावर असताना साडेसात एचपीची मोटार जळालेला शेतकरी. त्याला मामांचं नावही माहीत नसतं, पण आज संध्याकाळच्या आत माणूस हवा असतो. ब्लाउजवाली मात्र घाईत नसते. पन्नास नमुने बघते, मैत्रिणीला पाठवते, मग विचारते.

वहिनींना मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यायला लावलं. हे अ‍ॅप भारतात २०१८ च्या जानेवारीत आलं. आपल्या नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅपबरोबर ते एकाच फोनवर चालतं, फक्त नंबर दुसरा लागतो. तो जरूर घ्या, नाहीतर सासरच्या ग्रुपमधल्या गप्पांत एकवीस मोदकांची ऑर्डर हरवते. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाकता येतात. भाव लिहाच. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं वाचलं की निम्मी माणसं पुढे सरकतात, मी स्वतः सरकते. आलेल्या ऑर्डरला ‘पैसे बाकी’, ‘पैसे मिळाले’ अशी लेबलं लावता येतात. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री त्यांचं मोल कळतं.

पण खरी मेख ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायच्या सोयीत आहे. एका यादीत २५६ जण बसतात, हे सगळे सांगतात. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना तो मेसेज पोचतच नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. वहिनींनी पहिल्यांदा संकष्टीचा मेसेज टाकला आणि दोनच ऑर्डरी आल्या. त्या हिरमुसल्या. आम्ही पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडून पाहिली तर निम्म्या बायकांपर्यंत तो गेलाच नव्हता. मोदकात काही कमी नव्हतं, नंबर सेव्ह नव्हता. तेव्हापासून मोदक गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्या समोरच सांगतात, ‘ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे संकष्टीच्या आधी कळवता येईल.’ पाठवावं का हेही त्याच वेळी विचारून होतं.

काहीजण सोपं म्हणून ग्रुप करतात. मी तसं करू देत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि आपल्यावर विश्वासून नंबर दिलेल्या बाईला अनोळखी माणसाचे मेसेज जाऊ लागले तर ते पाप आपलं. मेसेजही मोजकेच पाठवा. संकष्टीच्या दोन दिवस आधी एक, बस. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि अशा तक्रारी वाढल्या की खातं बंद पडू शकतं. म्हणून नंबर वहीतही उतरवून ठेवा.

मामांना यातलं काहीच सांगितलं नाही. ज्याची मोटार आज भरून दिली तो दर पंधरवड्याला मेसेज वाचून पुन्हा मोटार जाळणार आहे का? त्यांना गूगलवर नोंद करून दिली. ती नीट भरायला एक दुपार गेली. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला, त्यात रस्ता, दुकानाची पाटी, आतली वायंडिंगची मशीन दाखवली. पाटीवर जे नाव तेच नोंदीत घाला. ‘कराडमधील सर्वोत्तम’ वगैरे शेपूट जोडणं गूगलच्या नियमात बसत नाही, त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. नकाशावरची खूण स्वतः हलवून नेमकी दारात आणा. आमच्याकडे ती आधी ओढ्यापलीकडे पडली होती.

वेळ भरताना आणखी एक बघा. मामांचं दुकान अमावस्येला बंद असतं. आठवड्याच्या सुट्टीच्या रकान्यात ते बसत नाही, पण तारखेनुसार खास वेळ टाकायची सोय आहे. कॅलेंडर घेऊन बसा आणि पुढच्या काही अमावस्या एकदम टाका. ‘उघडे आहे’ वाचून ट्रॉलीत मोटार घालून आलेला माणूस बंद शटर बघून गेला तर पुन्हा येत नाही.

अभिप्राय मागायला लाजू नका. काम झाल्यावर लिंक पाठवा आणि ‘मराठीत लिहिलं तरी चालेल’ म्हणा. त्याबदल्यात सवलत मात्र देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे. आणि ‘पैसे भरा, नाहीतर तुमची नोंद काढून टाकू’ असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. मामांना आला होता आणि ते भरायला निघाले होते. नोंद ठेवायला गूगल पैसे घेत नाही.

इन्स्टाग्राम बहिणीचं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात रील्स सुरू झाल्या आणि तेव्हापासून नव्या लोकांच्या नजरेत यायचा रस्ता तिथूनच जातो. सुईच्या टोकाने मणी बसत जाताना बघायला कुणालाही आवडतं. पण रील गावाची वेस जुमानत नाही. साताऱ्यातली रील नागपूरची मुलगी बघते. ब्लाउज कुरिअरने नागपूरला जातो, मोदक जात नाही, मोटार तर नाहीच. तुमचा माल प्रवास करू शकत नसेल तर हजारो लोकांनी बघूनही गल्ला तेवढाच राहील. पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायची असेल तर आपल्या गावाभोवतीचं अंतर निवडून तेवढ्यातच दाखवता येते, आणि बघणाऱ्याला थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणता येतं. मेहनतीला मात्र अंत नाही. गूगलची नोंद महिनाभर उघडली नाही तरी काम करत राहते. बहीण लग्नसराईत शिवणात बुडाली आणि दोन महिने काही टाकलं नाही, तर विचारणाही आटली.

एसएमएसचं कुणी सुचवलं तर एवढं लक्षात घ्या: देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. म्हणजे मराठीत लिहिलं की खर्च चटकन दुप्पट. शिवाय आधी डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी टेलिकॉम कंपन्यांनी ठेवलेल्या नोंदवहीत, नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. छोट्या दुकानाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

दोन गोष्टी करायचं बळ असेल तर दुकान असलेल्याने गूगलनंतर व्हॉट्सअ‍ॅप घ्यावं. घरून करणारीलाही गूगलवर नोंद करता येते, पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात पोचवता ते दाखवता येतं. वहिनींची ती नोंद या गणपतीआधी करायची आहे. त्याच्याही आधी मोदकाच्या डब्यांवर लावायला स्टिकर छापून आणायचेत. त्यावर वहिनींचा नंबर आणि एक ओळ: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या संकष्टीला कळवू.’