रॅम्झी कलेक्शन: पीएचपीतल्या टाइप्ड यादीचा सहा महिन्यांचा अनुभव

पीएचपी या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक्स (यादीत कुठल्या टाइपच्या वस्तू असतील ते आधीच बांधून ठेवायची सोय) नाहीत हे रडगाणं जुनंच. फंक्शनला नुसतं 'अ‍ॅरे' सांगता येतं, आत बिलं आहेत की बटाटे याच्याशी भाषेला घेणंदेणं नाही. आमच्या बिलिंगच्या कामात मार्चएंडला हेच नडलं, सीएसव्ही इम्पोर्टच्या कोडने बिलांच्या अ‍ॅरेत एक कच्ची रो तशीच ढकलली (कोड माझाच, कुणाला शिव्या देणार) आणि एरर फुटला कुठे तर पार रिपोर्टच्या फाइलमध्ये, मग रात्री साडेअकरापर्यंत एकेक फाइल मागे जात बसलो.

त्यानंतर बेन रॅम्झीचं रॅम्झी कलेक्शन हे पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) घेतलं. घेतलं म्हणजे काय, त्याच्याच युयुआयडीच्या (एकमेव ओळख-क्रमांक बनवणाऱ्या) पॅकेजमागून ते व्हेंडर फोल्डरात, म्हणजे बाहेरचा कोड जिथे उतरतो तिथे, आधीच येऊन बसलेलं, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट कलेक्शन एक्स्टेंड करायचं, गेट-टाइप मेथडमधून बिल क्लासचं नाव परत द्यायचं, झालं काम. चुकीची वस्तू घातली की तिथल्या तिथे एक्सेप्शन, कन्स्ट्रक्टरला अख्खा अ‍ॅरे दिला तरी एकेक आयटम तपासूनच आत घेतो. फिल्टर केल्यावरही बिल-कलेक्शनच हातात येतं, म्हणून मी थकबाकीची बेरीज करणारी मेथड त्याच क्लासात टाकली, आता थकीत बिलं गाळा आणि पुढे लगेच बेरीज, एका ओळीत.

खटकलेलं पण सांगतो. मॅप केलं की जे कलेक्शन मिळतं त्याचा टाइप मिक्स्ड, म्हणजे काहीही चालतं, तिथे पहारा संपला. फिल्टरनंतर आकडी कीज शून्यापासून नव्याने लागतात, बिल नंबरच की म्हणून ठेवला असेल तर बोंबला. आणि पीएचपीस्टॅनला (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) कळावं म्हणून तोच टाइप वर डॉकब्लॉकमध्येही, म्हणजे क्लासवरच्या कॉमेंटमध्ये, लिहावा लागतो, एकच गोष्ट दोनदा. पाचपैकी चार तारे.

छोट्या याद्यांना मात्र मी पॅकेज लावत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये टाइप लिहून पुढे तीन टिंबं दिली की तपासणी भाषाच करते, वर इटरेटर-अ‍ॅग्रिगेट आणि काउंटेबल लावलं की फोरीच आणि काउंट चालतात, वीस-पंचवीस ओळींचा क्लास. एका क्लायंटचा सर्व्हर अजून पीएचपी 7.4 वर आहे, या पॅकेजच्या दुसऱ्या व्हर्जनला 8.1 लागतं, त्यामुळे तिकडे सगळीकडे हे तीन टिंबंच चाललेत.