त्यांनी आमचं बजेट कापलं, म्हणून विश्वास बसला

आमची संस्था लहान. दवाखाना लांब पडतो अशा वस्त्यांमध्ये गरोदर बायकांची तपासणी, रक्तदाब-साखरेच्या नोंदी, औषधं मध्येच सुटलेल्यांचा पाठपुरावा, एवढंच काम. प्रपोजल लिहिणं माझ्याकडे. तेव्हा चूकही माझीच.

एका नामांकित परदेशी फाउंडेशनच्या नावानं मेल आला. 'तुम्हाला अमुक कोटी मंजूर' छापाचा असता तर वाचताक्षणी उडवला असता. पण 'कार्यक्रम अधिकारी' म्हणवणाऱ्या बाईंनी थेट कामाचंच विचारलं. उपचार अर्ध्यावर सोडणारे मोजता कसे? सुरुवातीची आकडेवारी (बेसलाइन) कधीची? आरोग्यसेविकांचं मानधन कुठल्या मथळ्याखाली धरलंय? इतकी वर्षं फंडरांचे उंबरे झिजवले, असं खोदून कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी प्रशासकीय खर्च १५ टक्क्यांवरून १० वर आणायला लावला. मी तिथेच गळाला लागले. लुबाडणारा माणूस कशाला आकड्यावर घासाघीस करेल?

तीन आठवड्यांत शिक्क्यासह मंजुरीपत्र आलं. सोबत 'मूल्यांकन शुल्क' भरायची सूचना; रक्कम अनुदानाच्या एक टक्क्याहून कमी आणि पहिल्या हप्त्याबरोबर परत मिळणारी. आमचे खजिनदार म्हणाले, "देणारा आधी मागतो कशाला?" मी त्यांनाच आंतरराष्ट्रीय पद्धती समजावल्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांसाठी राखलेले पैसे पाठवले. पुढच्या आठवड्यात 'ट्रान्सफर टॅक्स' आला, तोही भरला. (एकदा भरलं की पुढचं भरणं सोपं जातं, हे कुणी सांगत नाही.) 'बँक हमी'चे पैसे मागितले तेव्हा कुठे मी मेलचा पत्ता अक्षर-अक्षर वाचला. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसवले होते. डोमेन, म्हणजे पत्त्यातलं '@'नंतरचं नाव, दोन महिन्यांपूर्वी नोंदवलेलं.

खरी फाउंडेशनं अर्जदाराकडून शुल्क घेत नाहीत. बरीचशी तर न मागवलेले प्रस्ताव बघतही नाहीत. जिथे बघतात तिथे आधी चौकशीपत्र, मग सविस्तर प्रस्ताव, ऑडिट रिपोर्ट, बहुधा प्रत्यक्ष भेट, करार आणि मग हप्ता. महिनेच्या महिने जातात. हे सगळं मला पाठ होतं. तरी तीन आठवड्यांत काम झालं म्हणून मी खूश होते. अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशनांना दरवर्षी '९९०-पीएफ' हे विवरणपत्र भरावं लागतं. कोणाला किती दिलं याची यादी त्यात असते आणि ते कुणालाही बघता येतं. मी ते पैसे गेल्यावर उघडलं. आमच्याएवढ्या संस्थेला थेट दिलेलं एकही अनुदान त्यात नव्हतं. त्यांच्या खऱ्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन केला तर पाच मिनिटांत उलगडा झाला. तो फोन आधी करायचा होता.

आमचा ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांच्या सह्या, रद्द केलेला चेक, सगळं त्या भामट्यांकडे आहे. बँकेला लेखी कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. वस्तीवरच्या वहीत साखरेचा रकाना दोन महिने कोरा आहे.

गेल्या आठवड्यात एका 'वसुली सल्लागारा'चा फोन आला. आमची किती रक्कम गेली हे त्याला पैशापर्यंत ठाऊक होतं. शुल्क तेवढं आगाऊ हवं होतं.