ॲक्सेसचा इनपुट मास्क: टॅबवाल्यांना पावतो, माऊसवाल्यांना छळतो

पतसंस्थांना सभासद-नोंदणीचे छोटे डेटाबेस करून देणं हा माझा धंदा. या कामाला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस अजूनही पुरून उरतं आणि त्यातला इनपुट मास्क, म्हणजे फील्डच्या (रकान्याच्या) कुठल्या घरात काय भरायचं ते ठरवणारा साचा, तर माझा लाडका. पॅनच्या फील्डला ‘ग्रेटर दॅन’चं चिन्ह, पाच ‘एल’ (अक्षरांच्या जागा), चार शून्यं (आकड्यांच्या) आणि शेवटी एक ‘एल’ एवढं लिहिलं की काम झालं. ऑपरेटरने स्मॉलमध्ये बडवलं तरी अक्षरं कॅपिटलच उमटतात, आकड्याच्या जागी अक्षर शिरत नाही. चौथं अक्षर व्यक्तीसाठीचं ‘पी’ आहे का, हे मात्र तो बघत नाही. त्याला वेगळा व्हॅलिडेशन रूल, म्हणजे भरलेलं मूल्य तपासणारा नियम.

घोडं अडतं ते कर्सरपाशी. टॅबने फील्डमध्ये शिरलात तर सगळं सुरळीत. माऊसने क्लिक केलं की कर्सर क्लिक पडलं तिथेच बसतो, फील्ड रिकामं असलं तरी. आधारचंच घ्या. चार-चार-चार अशा बारा रेघा. माणूस क्लिक करणार फील्डच्या मधोमध, नजर कागदावर, बोटं सुरू. पहिला आकडा पडतो सहाव्या घरात, शेवटच्या आकड्यांना जागाच उरत नाही. पुढे जायला गेलं की मूल्य मास्कला बसत नाही अशी इंग्रजी दटावणी, आणि फील्ड काही सुटू देत नाही. एस्केप दाबला की सुटका होते, पण नव्या पोराला ते कोण सांगणार?

ॲक्सेसच्या क्लायंट सेटिंग्जमध्ये ‘बिहेवियर एंटरिंग फील्ड’ नावाचा पर्याय आहे: सगळं सिलेक्ट करा, सुरुवातीला जा, शेवटी जा. नाव वाचून हायसं वाटतं, पण तो कीबोर्डने शिरणाऱ्यांपुरताच. माऊसला त्याचं काही देणंघेणं नाही.

खरा उपाय फील्डच्या ‘ऑन क्लिक’मध्ये, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये: सेलस्टार्ट, म्हणजे कर्सरची जागा, शून्य करायचं. एका ओळीचं काम. अट मात्र घाला, फील्ड रिकामं असेल तरच. नाहीतर भरलेल्या नंबरातला एक आकडा दुरुस्त करायला गेलेला माणूस दर क्लिकला पहिल्या घरात फेकला जातो आणि शिव्या तुम्हाला पडतात. हे ॲक्सेसने स्वतःहून करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत. फॉर्म बनवणारे आम्ही लोक टॅबनेच तपासतो, म्हणून ही भानगड आमच्या टेबलावर दिसतच नाही.

मास्क बनवून देणाऱ्या विझार्डमधले तयार नमुने अमेरिकेचे: त्यांचा फोन, त्यांचा झिप कोड. आपला सहा आकडी पिन स्वतःच बनवा. तारखेला मास्क लावलात तर शेजारचं कॅलेंडर गायब होतं, तेव्हा दोन्हींपैकी एकच काय ते निवडा. मी कॅलेंडर ठेवते.

पॅन, आधार, आयएफएससी यांना मास्क जरूर लावा. मोबाइलला मी लावत नाही. सभासद तिथे दोन नंबर सांगतात आणि वर म्हणतात, ‘दुसरा पोराचा आहे, तसं लिहा.’