वजनाच्या ऑपरेशनची इन्शुरन्स फाईल – डेस्कवरच्या मॅडम लई भारी
वैनींच्या बॅरिअॅट्रिक सर्जरीसाठी (वजन कमी करायचं ऑपरेशन) कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कला गेलतो, तिथल्या मॅडमनी काम लई मनापासून केलं. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा वर असेल तर ठीक, नाहीतर किमान ३५ आणि सोबत कंट्रोलमध्ये नसलेली टाईप २ शुगर, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) असलं काहीतरी लागतं, हे त्यांनीच समजावलं. वैनींचा ३७, म्हणून एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) आणि झोपेच्या टेस्टचा रिपोर्ट लावला, शिवाय डाएट करूनही वजन उतरलं नाही याचे डाएटिशियनचे जुने कागद मागितले, ते कुणी टाकून देऊ नका बघा. झेरॉक्सला मात्र खाली रस्त्यावर जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या पेशंटला हे बरं नाही, आतच सोय करा. कॅशलेस मंजूर झालं.