आधी तेझुकांचा ‘ॲटम’ की उरासावांचा ‘प्लुटो’?

गोष्ट एकच. जगातले सात सर्वांत बलाढ्य रोबो आणि त्यांना एकेक करून संपवायला निघालेला शिंगांचा अजस्र रोबो प्लुटो. जपानी मांगाकार (तिथल्या चित्रकथांना मांगा म्हणतात) ओसामू तेझुकांनी ती १९६४-६५ मध्ये ‘शोनेन’ मासिकात, म्हणजे ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून आपल्याला माहीत असलेल्या ॲटम या रोबो-मुलाच्या मालिकेत, लहान मुलांसाठी काढली. नंतरच्या पिढीतले मांगाकार नाओकी उरासावांनी तीच गोष्ट ‘प्लुटो’ नावाने मोठ्यांसाठी नव्याने सांगायला घेतली ती २००३ मध्ये. तेझुकांच्या कथेत ॲटमचा जन्म ७ एप्रिल २००३ चा, हे लक्षात घेतलं की ते साल वाचतानाच अंगावर शहारा येतो.

तेझुकांची कथा एका दुपारी वाचून होते. उरासावांचे आठ खंड आहेत. एवढ्या जागेत काय केलंय ते नॉर्थ नंबर दोनवरून कळतं. स्कॉटलंडचा हा सहा हातांचा रोबो तेझुकांकडे येतो, लढतो आणि थोड्याच पानांत संपतो. ‘प्लुटो’त तोच एका वयस्क, अंध संगीतकाराच्या घरी नोकर म्हणून येतो. अंगभर झगा, आत युद्धाची शस्त्रं. त्याला पियानो शिकायचाय. म्हातारा त्याला हिडीसफिडीस करतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

तरीही माझं मत ठाम आहे: आधी तेझुका वाचा. उरासावांनी नायक बदललाय. मूळ कथेत थोडाच वेळ दिसणारा जर्मन पोलीस रोबो गेझिश्ट इथे केंद्रस्थानी येतो, आणि ॲटम भेटतो तो साध्या कपड्यांतला, आवडीने आईस्क्रीम खाणारा मुलगा म्हणून. त्या मुलात किती ताकद दडलीय, एक लाख अश्वशक्ती म्हणजे काय, हे आधी ठाऊक असेल तरच तो शांतपणा काळजाला भिडतो. शिवाय तेझुका नुसते पूर्वतयारीसाठी वाचायचे नाहीत. त्यांची गोलमटोल चित्रं पाहून फसू नका. सगळ्यात ताकदवान होऊन करायचं काय, हा प्रश्न त्यांनी मुलांपुढे सरळ ठेवलाय.

घरात नऊ-दहा वर्षांचं मूल वाचणार असेल, तर फक्त तेझुका. ‘प्लुटो’त खून आहेत, युद्धाच्या जखमा आहेत, पोटचं मूल गमावलेल्यांचं दुःख आहे. आणि ‘कार्टून काय वाचायचं’ म्हणणारा मित्र असेल, तर त्याच्या हातात मात्र थेट ‘प्लुटो’चा पहिला खंड द्या.

इंग्रजीत घेणार असाल तर डार्क हॉर्स प्रकाशनाच्या ‘ॲस्ट्रो बॉय’चा तिसरा खंड मागा, ही कथा त्यात आहे. तिथे गेझिश्टचं नाव गेरहार्ट केलंय, गोंधळू नका. ‘प्लुटो’ विझ प्रकाशनाचं आहे आणि ते जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिली दहा पानं अडखळायला होतं, मग सवय होते.